साइडपट्टी कुणासाठी राखायची?

३० ऑगस्ट २०२५ च्या शनिवारी सकाळी धुळे–सोलापूर महामार्गावर, बीडजवळच्या नामलगाव फाट्याशी, पेंडगावच्या मारुतीला पायी निघालेल्या भाविकांना एका कंटेनरने चिरडलं. सहा जण गेले. त्याआधी तीन महिने, मेच्या अखेरीस, याच महामार्गावर गेवराई तालुक्यात गढीजवळ एक गाडी रात्री दुभाजकावर चढली. आतली माणसं उतरून गाडी खाली घेण्याच्या खटपटीत होती, तेवढ्यात मागून ट्रक आला. तिथेही सहा मृत्यू. त्याच वर्षीच्या जानेवारीत घोडका राजुरीजवळ, बीड–परभणी रस्त्यावर, पोलीस भरतीसाठी सकाळी धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांना एसटी बसने उडवलं. तीन मुलं दगावली.

अशा प्रत्येक अपघातानंतर चालकावर गुन्हा नोंदला जातो. वेग, डुलकी, दारू यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण या तिन्ही घटनांत आणखी एक गोष्ट समान आहे. वेगाने धावणाऱ्या वाहनांच्या शेजारी माणसं पायी होती, आणि त्यांनी कुठे उभं राहायचं, कुठून चालायचं, याची सोय रस्त्यात नव्हती. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रेघेपलीकडे जी पट्टी असते, आपण जिला साइडपट्टी म्हणतो, ती नेमकी कुणासाठी आहे, हा प्रश्न बीड जिल्ह्यात कधी नीट विचारलाच गेला नाही.

मूळ हेतू साधा आहे. गाडी बंद पडली, टायर फुटला, चालकाला भोवळ आली, तर चालत्या लेनमधून बाहेर पडायला जागा असावी. रुग्णवाहिकेला कोंडीतून वाट मिळावी. रेघ सोडून भरकटलेल्या चालकाला सावरायला दोन हात जागा मिळावी. म्हणजे ही पट्टी रिकामी असणं हेच तिचं काम. वाहतूक वाढली की मात्र रिकामी जागा सगळ्यांच्याच डोळ्यांवर येते, आणि हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद दीड दशक चालला. बर्मिंगहॅमजवळच्या एम-४२ या मोटरवेवर २००६ साली गर्दीच्या वेळी साइडपट्टी वाहतुकीला खुली करण्याचा प्रयोग झाला. रस्ता रुंद करायला जमीन नाही, पैसा नाही, आणि एक अख्खी लेन तयारच आहे, असा हिशेब. प्रयोग यशस्वी ठरला, कारण तो काळजीपूर्वक केला होता. डोक्यावर ठरावीक अंतराने कमानी, त्यांवर बदलती वेगमर्यादा, नियंत्रण कक्षात बसून कॅमेऱ्यावर पट्टी रिकामी असल्याची खात्री करणारी माणसं, आणि सुमारे पाचशे मीटरवर एक याप्रमाणे बंद पडलेल्या गाडीसाठी आसरा. पट्टी खुली असताना वेगही कमी ठेवलेला.

पुढे काटकसर शिरली. २०१४ पासून लंडनभोवतीच्या एम-२५ मोटरवेच्या काही भागांत साइडपट्टी कायमचीच रद्द करून तिची चौथी लेन केली गेली, आणि नव्या रचनेत आसऱ्याच्या दोन जागांमधलं अंतर अडीच किलोमीटरपर्यंत वाढलं. जून २०१९ मध्ये शेफिल्डजवळ एम-१ वर दोन गाड्या किरकोळ घासल्या. दोन्ही चालक उतरून एकमेकांचा तपशील घेत उभे राहिले. बाजूला व्हायला पट्टी नव्हती. मागून आलेल्या लॉरीने दोघांनाही चिरडलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने मुख्य दोष लॉरीचालकाचा मानला, पण साइडपट्टी नसणं हेही मृत्यूचं एक कारण ठरलं, असा स्पष्ट निष्कर्ष दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेच्या वाहतूक समितीने अशा नव्या रस्त्यांचं काम थांबवायला सांगितलं, जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ते थांबवलं आणि एप्रिल २०२३ मध्ये नवे प्रकल्प रद्दच केले. जे रस्ते आधीच झाले होते, त्यांवर नव्वद कोटी पौंड खर्चून थांबलेली गाडी हेरणारे रडार आणि दीडशे वाढीव आसरे द्यायचं ठरलं.

या वादातली आकडेवारी दोन्ही बाजूंना थोडी अडचणीची आहे, म्हणून ती पुरती सांगितली पाहिजे. सरकारी आढाव्यानुसार साइडपट्टी नसलेल्या मोटरवेवर एकूण मृत्यूंचं प्रमाण जुन्या मोटरवेपेक्षा जास्त नव्हतं. वेग नियंत्रित असल्याने कोंडीच्या शेपटीवर आदळण्याचे अपघात घटले होते. शिवाय साइडपट्टी स्वतः काही अभय देणारी जागा नाही. तिथल्या मोटरवेवरच्या साधारण दर बारा मृत्यूंपैकी एक साइडपट्टीवरच व्हायचा. पण थांबलेल्या वाहनावर चालतं वाहन आदळण्याचा धोका मात्र नव्या रचनेत स्पष्टपणे वाढला होता. सरासरी ठीक दिसत असली, तरी ज्याची गाडी अंधारात बंद पडली त्याच्यासाठी रस्ता अधिक जीवघेणा झाला होता. जर्मनी आणि नेदरलँड्समध्येही गर्दीच्या वेळी साइडपट्टी खुली करतात, पण कॅमेऱ्याने पाहून, वेग उतरवून आणि गर्दी सरली की पुन्हा बंद करून. म्हणजे साइडपट्टी वाहतुकीला द्यायची तर तिच्या बदल्यात नजर, वेगावर लगाम आणि जवळचा आसरा, ही तिन्ही द्यावी लागतात. इंग्लंडचं गणित तिसऱ्या गोष्टीत कसर केल्यामुळे फसलं.

आता बीडकडे पाहू. इथे साइडपट्टी वाहतुकीला खुली करण्याचा निर्णय कुठल्याही कार्यालयाने घेतलेला नाही, तरी ती खुली आहे, आणि बदल्यात यांतलं काहीच दिलेलं नाही.

बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरपर्यंत. तोवर जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस असो की माल, सगळं रस्त्यावरून. सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ जिल्ह्याच्या मधोमध चौसाळा, मांजरसुंबा, बीड, गेवराई असा उत्तर–दक्षिण जातो. त्यावर दक्षिणेकडून उत्तरेला जाणारे कंटेनर असतात आणि त्याच रस्त्यावर शेजारच्या गावाहून दूध घालायला निघालेली मोटारसायकलही असते. रस्ता चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला, पण सलग सर्व्हिस रोड आला नाही. ज्याचं घर एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, त्याला वळण घ्यायला दूरवर जावं लागतं. तो साइडपट्टीवरून उलटा येतो. त्याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे, पण दिवसातून चार वेळा लांबचा वळसा घालून डिझेल जाळायला शेतकऱ्याला कुणी पैसे देत नाही. तेव्हा साइडपट्टी हाच इथला सर्व्हिस रोड आहे, पायवाट आहे, एसटीचा थांबा आहे, ढाब्याचं वाहनतळ आहे आणि सुगीच्या दिवसांत काही ठिकाणी सोयाबीन वाळवण्याचं खळंही आहे.

जिल्ह्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या रस्त्यांवर तर हे अधिकच बिकट आहे. दुपदरी राष्ट्रीय महामार्ग सात मीटरच्या गाडीवाटेला दोन्ही अंगांना दीड-दीड मीटर फरसबंद पट्टी जोडून दहा मीटरचा करतात. सगळा रस्ता एकाच सिमेंट काँक्रीटचा, एकाच रंगाचा. रेघ पुसट झाली की कुठे गाडीवाट संपली आणि कुठे पट्टी सुरू झाली ते चालकाला कळत नाही, आणि कळलं तरी समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांच्या मध्ये तिसरं घुसवायला दहा मीटर पुरतात, हे त्याला ठाऊक असतं. ओव्हरटेक करणारा समोरच्याला पट्टीवर ढकलतो, समोरचा मोटारसायकलवाल्याला पट्टीबाहेर. पट्टीबाहेर मुरूम नीट भरलेला नसेल, तर काँक्रीटच्या कडेला खाली धार असते. दुचाकीचं चाक त्या धारेवरून घसरलं की ती आडवीच होते. ‘साइडपट्ट्या भरा’ या मागणीसाठी गावोगाव निवेदनं दिली जातात, रास्ता रोको होतात. ही मागणी क्षुल्लक समजू नये. महामार्गावरच्या सुरक्षेच्या कामांत इतकं स्वस्त आणि इतकं उपयोगी काम दुसरं नाही.

मापांचाच आणखी विचार करावा. मोटार वाहन नियमांत ट्रकची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. चौपदरी रस्त्यांच्या जुन्या मानकात फरसबंद साइडपट्टी दीड मीटरची होती. दीड मीटरच्या पट्टीवर २.६ मीटरचा ट्रक उभा केला, तर किमान एक मीटर ट्रक चालत्या लेनमध्ये राहतो. पलीकडे मातीची पट्टी असते खरी, पण आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात भरलेला ट्रक फरशीवरून खाली उतरवला की रुततो, आणि पुन्हा बाहेर काढायला क्रेन लागते. त्यामुळे चालक चाकं फरशीवरच ठेवतो. म्हणजे ज्या पट्टीचा मूळ हेतूच बंद वाहनाला आसरा देणं हा आहे, ती इथल्या सर्वात नेहमीच्या वाहनाला आसरा देऊ शकत नाही. नव्या मानकात ही पट्टी अडीच मीटरची केली आहे. ते योग्यच झालं, पण जुने रस्ते आहेत तसेच आहेत.

यात ऊस येतो. दसरा–दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता, भांडी, पोरंबाळं, कधी बैलं, सगळा संसार ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो, आणि प्रवास बहुतेक रात्रीचा असतो. मार्च–एप्रिलमध्ये तीच माणसं तशीच परत येतात. या दोन्ही वेळा महामार्गाच्या कडेला ट्रॉली बंद पडणं, टायर फुटणं ही रोजची गोष्ट आहे. दुसरीकडे जिल्ह्यातले कारखानेही त्याच काळात पेटतात. गढी, तेलगाव, पांगरी इथे कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर कडांच्या बाहेर लोंबणारा ऊस. मागचे दिवे असले तरी उसाखाली झाकले जातात.

अशी ट्रॉली रात्री पट्टीवर अर्धी लेनमध्ये उभी आहे. मागून ताशी ८० किलोमीटरने ट्रक येतो आहे. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. चालकाच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले, तर ४४ मीटर गेले. भरलेला ट्रक चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी साठेक मीटर घेतो. एकूण शंभर मीटरच्या पुढे. समोरून वाहनं येत असताना डिपरवर दिवा पन्नासेक मीटरच उजेड देतो. दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत टक्कर ठरून गेलेली असते. चालक जागा होता, शुद्धीत होता, वेगमर्यादेत होता, तरीही. म्हणून मला वाटतं, रात्रीच्या अपघातांत केवळ चालकाची चूक शोधणं अपुरं आहे. दिसणं ही पहिली अट आहे. हंगामाच्या आरंभी कारखान्यांच्या आवारात आरटीओ आणि पोलीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, ते चांगलंच आहे. पण ट्रॉलीच्या पत्र्याला चिकटवलेली पट्टी उसाखाली झाकली जात असेल, तर तिचा उपयोग नाही. ऊस भरून झाल्यावर शेपटाकडून लोंबणारं चमकतं कापड बांधलं पाहिजे, आणि ते बांधल्याशिवाय कारखान्याने खेप मोजू नये. काट्यावर हे पाहणं एका माणसाचं काम आहे.

थांबलेल्या वाहनाचा धोका नव्या, रुंद, कुंपण घातलेल्या रस्त्यावरही संपत नाही, हे समृद्धी महामार्गाने दाखवलं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. तो बीडमधून जात नाही. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने तपासणीसाठी थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. ज्यांनी नियम पाळायला लावायचे, त्यांची तपासणीची जागाच चुकली, तर तीही जिवावर बेतते. वाहन तपासायचं ते टोलनाक्यावर किंवा राखलेल्या आवारात.

बीडचे नेते विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर गेले, तेव्हाही त्यांची गाडी ट्रकवरच आदळली होती, आणि मदत वेळेत न आल्याची तक्रार झाली होती. या मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्या वर्षापासून शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी एकत्र काम केलं. बेकायदा उभ्या वाहनांवर कारवाई, धोकादायक कठड्यांची दुरुस्ती, मदतीचा वेग, अशी अनेक लहान कामं केली. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. हेही जास्तच आहेत, पण तीन वर्षांत साठेक जीव दरसाल वाचू लागले, ते रस्ता न रुंदावता. महाराष्ट्रात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली, देशात १,६८,४९१. त्या मानाने हे यश किती मोलाचं आहे ते लक्षात घ्यावं. असं काम महामार्ग ५२ वर का होऊ नये?

कायदा कमी पडतो असंही नाही. धोकादायक रीतीने वाहन उभं करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ तर रस्त्याची रचना आणि देखभाल मानकाप्रमाणे न ठेवणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. रक्कम फार नाही, पण चालकाखेरीज दुसऱ्या कुणाला तरी जबाबदार धरणारं हे कलम आहे, आणि अपघातानंतर त्याचा उच्चार क्वचितच ऐकू येतो. प्रत्येक मोठ्या अपघाताच्या पंचनाम्यात साइडपट्टी किती रुंद होती, भरलेली होती का, रेघ दिसत होती का, पायी जाणाऱ्यांना दुसरी वाट होती का, एवढं लिहायला काय हरकत आहे?

पायी जाणाऱ्यांची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते, कारण मराठवाडा चालतो. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी–अंबाजोगाईवरून जाते, मुक्ताईची पालखी बीडवरून. कोजागरीला तुळजापूरकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला पदयात्रा येतात, शनिवारी पेंडगाव. या वाटा, तारखा, वार सगळे ठरलेले आहेत. अचानक रस्त्यावर येणारी ही गर्दी नाही. आळंदी–पंढरपूर आणि देहू–पंढरपूर हे पालखी मार्ग चौपदरी करायला घेतले, तेव्हा वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट आराखड्यातच धरली गेली. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्यांची पायाभरणी झाली ती या पायवाटेसह. म्हणजे महामार्गाला लागून चालणाऱ्यांची वाट बांधता येते आणि ती आपल्याच राज्यात मंजूर झाली आहे. बीड बायपास ते पेंडगाव आणि मांजरसुंबा ते कपिलधार इतकी तरी पायवाट बांधायला कुठलंही तांत्रिक कारण आड येत नाही. ती होईपर्यंत यात्रेच्या दिवशी एक लेन शंकू लावून बंद करावी. कंटेनरला दहा मिनिटं उशीर झाला तर काही बिघडत नाही.

पुढे शक्तिपीठ महामार्ग येऊ घातला आहे. पवनार ते पत्रादेवी हा मुळात सुमारे ८०२ किलोमीटरचा प्रस्ताव परळी आणि अंबाजोगाईला जोडण्याची भाषा करतो. तो हवा की नको, हा जमिनीचा आणि शेतकऱ्यांचा वेगळा, मोठा प्रश्न आहे. सुरक्षेपुरतं बोलायचं तर कुंपण घातलेल्या द्रुतगती मार्गावर पायी माणूस आणि ट्रॅक्टर येणार नाहीत, एवढा लाभ खरा. पण ते नाहीसेही होणार नाहीत. ते जुन्याच रस्त्यावर राहतील, आणि त्या रस्त्याची साइडपट्टी आज आहे तशीच राहिली, तर मृत्यूही तिथेच राहतील. महामार्ग ५२ सहापदरी करण्याची मागणी उद्या जोर धरेल, तेव्हा सर्वात स्वस्त पर्याय म्हणून आहे त्याच फरशीवर नव्या रेघा मारून साइडपट्टीची लेन करण्याची कल्पना कुणाला तरी सुचेलच. इंग्लंडने ते करून पाहिलं आणि थांबवलं. नजर ठेवणारे कॅमेरे आणि बदलती वेगमर्यादा असूनही जिथे ते पेललं नाही, तिथे ऊस, बैलगाडी, वारकरी आणि उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल असलेल्या रस्त्यावर ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सर्व्हिस रोड, ढाब्यांजवळ रस्त्यापासून आत घेतलेली ट्रकतळं, भरलेल्या कडा आणि पायवाटा. लेन त्यानंतर.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांना एक कळकळीची विनंती आहे. महामार्गावर गाडी बंद पडली, घासली किंवा दुभाजकावर चढली, तर ती काढायला, ढकलायला, फोटो घ्यायला किंवा भांडायला तिथे थांबू नका. चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवा, लोखंडी कठड्याच्या पलीकडे, शेताच्या बाजूला न्या, लहान मुलांचा हात सोडू नका, आणि तिथून १०३३ वर महामार्ग प्राधिकरणाला फोन लावा. कुणी जखमी असेल तर १०८ ला. टायर बदलताना ठेवलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका, कारण मागून दुचाकीवाला येत असतो. पहाटे चालायला किंवा धावायला जाणाऱ्यांनी वाहनांकडे तोंड करून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने जावं आणि अंगात पांढरा किंवा चमकत्या पट्ट्यांचा सदरा घालावा. आणि तुमच्या गावाच्या फाट्यावर साइडपट्टी भरलेली नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तेवढा एक ठराव जरूर करून घ्या.